इटलीचा ब्लॉक आणि आबांची पट्टी

आमच्या दुकानात साधी पट्टी आणायला बंदी होती.

उद्यमनगरातल्या त्या एका खोलीत बाकी सगळं चालायचं. सागवानाच्या फळ्या, रंधे, पटाश्या, लाखेचा डबा, भुसा, विड्यांची थोटकं. पण शाळेच्या कंपासपेटीतली साधी पट्टी चालायची नाही. माझे वडील, म्हणजे आबा, पॅटर्नमेकर. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो आकार दाबतात, तो लाकडात घडवणारा माणूस. ओतलेलं लोखंड, म्हणजे बीड, थंड होताना आकसतं, शंभराला एक. म्हणून लाकडाचा आकार तेवढाच मोठा करावा लागतो. आता दर मापाला बेरीज कोण करत बसणार? म्हणून ह्या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावर शंभर लिहिलेलं असतं आणि ती असते एकशे एक. नकाशावरचं माप वाचायचं, ह्या पट्टीनं लाकडावर टाकायचं, वाढ आपोआप येते. दिसायला दोन्ही पट्ट्या सारख्याच. चुकून दुसरी हातात आली की महिन्याभराचं काम मातीत.

"साधी पट्टी ह्या दारातनं आत आली तर मी भाईर जाणार," आबा म्हणायचे. आणि ते खरंच गेले असते.

मी सहावीत असताना माझी पट्टी मोडली. मी गुपचूप आबांची जुनी पट्टी दप्तरात टाकली आणि भूमितीची अख्खी वही तिनं भरली. गुरुजींनी दहा सेंटिमीटरची रेघ मोजली, एक मिलिमीटर जास्त. सगळी वही लाल. मी रडत घरी आले, तर आबा तसेच, भुसा लागलेल्या कपड्यांनी, शाळेत. वर्गात शिरून गुरुजींना म्हणाले, "मास्तर, रेघ बरोबर हाय. थंड हुं द्या, मग मोजा." वर्ग हसला, गुरुजीही हसले. आबा नाही हसले. त्यांना वाटत होतं त्यांनी पोरीची बाजू घेतली. मी मात्र लाजेनं अर्धमेली झाले होते.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते ह्याच्यावाचून कुणाला कळायचं नाही. फौंड्रीत काही लोकांना वाटतं आबांनी गाढवपणा केला. उद्यमनगरात लोकांना वाटतं मी गाढवपणा केला. दोन्ही खोटं आहे.

आबांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे इटलीचा ब्लॉक. त्या काळी एक स्कूटर होती, मूळची इटलीची. तिकडच्या कंपनीनं आपल्या देशातल्या एका कंपनीला परवाना दिला होता, की तुमच्या कारखान्यात बनवा, नाव आमचं लावा. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे. लग्नाच्या बोलणीत तिचा उल्लेख व्हायचा. त्या स्कूटरच्या इंजिनाचा बिडाचा सिलिंडर, त्याला मेकॅनिक लोक ब्लॉक म्हणतात, काही काळ आपल्या कोल्हापुरात ओतला जायचा आणि त्याचा लाकडी पॅटर्न आबांनी केला होता. बाहेरून पातळ पाकळ्या, आतून पेट्रोलचं मिश्रण जायच्या-यायच्या वाटा. त्या वाटा अर्धा मिलिमीटर वरखाली झाल्या की इंजिन खोकतं, आणि पन्हाळ्याचा चढ आला की मान टाकतं. आबांच्या ब्लॉकनं कधी मान टाकली नाही.

"इटली आपण बघितल्याली न्हाय, पर इटलीच्या इंजिनात आपण बसलोय," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं, की आई ते सुरू झालं की भांडी आपटायची.

स्वतःची स्कूटर त्यांनी पुढं घेतली. आजही दारात आहे. सकाळी किक मारायच्या आधी ती डावीकडं पार आडवी करायची, क्षणभर थांबायचं, मग सरळ करून किक. तशी केल्याशिवाय ती चालूच व्हायची नाही, असा आबांचा आणि त्या काळच्या सगळ्या माणसांचा ठाम समज. मला चालवायला शिकवली तेव्हाही पहिला धडा तोच. आधी आडवी, मग किक.

मग परवान्याची मुदत संपली. मोटारसायकली आल्या, ती कंपनी बंद पडली, ब्लॉकचं काम थांबलं. आबांनी पंपांचे पॅटर्न केले, ऊस-गुऱ्हाळाच्या चरकाचे केले, जे येईल ते केलं. नंतर पॅटर्नही कॉम्प्युटरवर व्हायला लागले. मशिनला फाईल दिली की ते रात्रंदिवस कोरत बसतं, त्याला विडी लागत नाही. दुकानात आबा एकटे राहिले. मी तोवर सासर सोडून परत आले होते आणि शिरोलीच्या एका फौंड्रीत तयार मालाची मापं तपासायच्या खोलीत कामाला लागले होते. घरात आम्ही तिघं, मी, आई, आबा. घर माझ्या पगारावर चालायचं. त्याबद्दल आबा कधी काही बोलले नाहीत, पण माझ्या ताटात पहिली भाकरी पडेपर्यंत जेवायला बसायचे नाहीत.

आता मुद्द्याचं. एके दिवशी आमचे मालक मापांच्या खोलीत आले. मालक माझ्याच वयाचे, त्यांच्या वडिलांच्या माघारी गादीवर बसलेले. म्हणाले, "ताई, इटलीचं काम आलंय." त्या जुन्या स्कूटरवर जीव टाकणारे लोक जगभर आहेत. तिकडच्या मूळ कंपनीला त्यांच्यासाठी जुने ब्लॉक हवे होते, आणि स्वतः ओतणं त्यांनी केव्हाच बंद केलेलं. म्हणून पुन्हा परवाना. ह्या वेळी अख्ख्या स्कूटरचा नाही, नुसत्या ब्लॉकचा, पण कंपनीचा शिक्का मारून. सहा नमुने पास झाले की काम आमचं. फौंड्रीत त्या दिवसांत आठवड्यातले तीनच दिवस भट्टी पेटत होती. वाळूवर काम करणारी माणसं गेटवर बसून पत्ते कुटायची. हे काम मिळालं नाही तर पुढं काय, हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

आणि मी तोंड उघडलं. "जुना पॅटर्न आमच्या आबांनी केलता," मी म्हणाले.

माझ्या जिभेला तेव्हा लकवा का नाही भरला!

कारण मला माहीत होतं. वर्षभर मी बघत होते. आबा दुकानाला कुलूप लावून बाहेर पायरीवर बसायचे, कुणी येऊन उघडेल म्हणून, आणि किल्ली त्यांच्याच खिशात. चहा झाल्यावर पाच मिनिटांनी चहा मागायचे. एकदा गेल्या साली वारलेल्या शेजाऱ्याबद्दल म्हणाले, "कालच भेटलाता की बाजारात." आई म्हणायची, "वय झालं, चालायचंच." मीही म्हणायची, चालायचंच. हात तर अजून तसेच होते. पटाशी हातात घेतली की आबांचं वय उतरायचं. मला वाटलं, हे काम मिळालं तर माणूस जागेवर येईल. मला माझा जुना बाप परत पाहिजे होता. दुसरं काही कारण नव्हतं, आणि होतं म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल.

इटलीचा पाहुणा आला. पन्नाशीचा, उंच, उन्हानं लाल झालेला. मालकांनी त्याला उद्यमनगरात आमच्या दुकानात आणलं. आबांनी खुर्ची पुसली. "या पावणं, बसा. च्या घेणार नव्हं?" पाहुण्याला एक अक्षर कळलं नसेल, पण तो बसला. आबांनी कोनाड्यातून जुन्या ब्लॉकचा पॅटर्न काढला, लाल रंग उडालेला, एक पाकळी उंदरानं कुरतडलेली. पाहुण्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि पाकळ्यांवरनं बोट फिरवत राहिला. मग आबा त्याला बाहेर घेऊन गेले, आपली स्कूटर डावीकडं आडवी केली, सरळ केली, किक मारली. पहिल्या किकला चालू. पाहुणा हसून मालकांना काहीतरी म्हणाला. मालकांनी सांगितलं, "काका, हे म्हणतात, असं आडवं करताना आम्ही आमच्या गावात कुणाला बघितलं न्हाय."

"मग त्यास्नी चालवाय येत न्हाय," आबा म्हणाले. "सांगा त्यांना."

पाहुण्यानं आबांचा हात हातात घेतला आणि ठरलं. नमुन्यांचा पॅटर्न हाच म्हातारा करणार. मालकांच्या मनात मशिन होतं, पण पाहुणा हट्टाला पेटला. त्या दिवशी आबा घरी येऊन नुसते बसून राहिले. आई म्हणाली, "बोला की काय तरी." तर म्हणाले, "लई दिसांनी कुणी तरी माझं काम हातात धरून बघितलं."

नकाशा आला तो मेलवर. मी फौंड्रीत मोठ्या कागदावर छापून घेतला. सगळी मापं नेहमीसारखी, पण खाली डाव्या कोपऱ्यात इटालियनमध्ये बारीक अक्षरांत एक ओळ होती. मी मोबाईलवर तिचा अर्थ लावला, दोनदा लावला, मालकांनी पाहुण्याला विचारून खात्री केली. ओळ अशी होती, की ही मापं पॅटर्नची आहेत, आकसण्याची वाढ ह्यात धरलेली आहे. म्हणजे ह्या नकाशाला आबांची पट्टी लावायची नाही. साधी लावायची. आबांनी सवयीनं आपली लावली तर वाढ दोनदा येणार.

मी त्याच संध्याकाळी स्टीलची साधी पट्टी विकत घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती घेऊन दुकानाचा उंबरा ओलांडला. आबांनी ती बघितली आणि हातातला रंधा खाली ठेवला.

"काय हाय हे?"

मी सांगितलं. नकाशा दाखवला, ओळ दाखवली, सावकाश समजावलं. आबा चिडले. "नकाशा माझ्या पोटावर पाय द्यायला आलाय व्हय? लोखंड इटलीत आकसत न्हाय काय?" आकसतंय, आबा, पण त्यांनी आधीच मोजलंय. तासभर आमचं चाललं. शेवटी त्यांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाले, "बरं. ह्या एका कामापुरती." मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आबा, ह्या नकाशात वाढ धरलेली आहे. साधी पट्टी वापरा." त्याखाली त्यांची सही घेतली, सुताराच्या जाड पेन्सिलीनं. एक झेरॉक्स काढून दुकानात भिंतीला लावली आणि मूळ कागद माझ्या पर्समध्ये ठेवला. ज्याचं काम, त्याच्याकडून लिहून घ्यायचं, ही फौंड्रीतली माझी रोजची रीत होती.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात सण होता. आबा सकाळी उठून दाढी करायचे. पाकळ्या घासताना गुणगुणायचे. रविवारी मी डबा घेऊन गेले तर आत येऊ देईनात, "झाल्यावर बघ." मी बघायला पाहिजे होतं. मी रोज मापं तपासून पोट भरणारी बाई, मला एकदा आत शिरून साधी पट्टी लावायला काय झालं होतं? पण त्यांचा चेहरा बघितला आणि दारातनं परत फिरले. स्वतःच्या बापाचं माप काढायला नको वाटलं मला.

पॅटर्न झाला. सुंदर होता. लाल रंग अजून ओला वाटावा असा चकाकत होता. तो फौंड्रीत गेला, वाळूत दाबला, सहा ब्लॉक ओतले. दोन दिवसांनी पाहुणा नमुने बघायला स्वतः येणार होता. पहिला ब्लॉक साफ होऊन माझ्या टेबलावर आला. मी माप लावलं.

एक मिलिमीटर जास्त.

दुसरं माप घेतलं. जास्त. वाटांची उंची घेतली, तीही जास्त. सगळीकडं तेच, शंभराला एक. आणि तुम्हाला हसू येईल, पण मी तो ब्लॉक बाजूला ठेवला आणि वाट बघत बसले. थंड होऊ दे, मग मोजू. तो कालपासून थंड होता. तरी मी अर्धा तास बसले, पुन्हा मोजला, आणि तो तेवढाच होता.

मी मालकांना न सांगताच बस पकडून उद्यमनगरात आले. आबा दुकानात नव्हते, चहाला गेले होते. दुसरी किल्ली कुठं असते मला माहीत होतं. भिंतीवरची झेरॉक्स जागेवर होती, सही दिसेल अशी. टेबलावर आबांची पट्टी, रोज वापरून कडा झिजलेली. साधी पट्टी मला आधी सापडलीच नाही. मग दिसली. लाखेच्या डब्यात उभी होती. अर्ध्यापर्यंत लाखेनं माखलेली. आबा तिनं लाख ढवळत होते.

तेवढ्यात आबा आले. माझ्या हातातली पट्टी बघून म्हणाले, "ही कुठली गं साधी पट्टी? कुणी आणली दुकानात?"

मी भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं. त्यांनीही बघितलं. वाचलंसुद्धा असेल. पण त्यांच्या तोंडावर काही हललं नाही. मी विचारलं, "आबा, पॅटर्न कुठल्या पट्टीनं केला?"

"म्हंजे? माझ्या पट्टीनं की! दुसरी कुठली असतीय?"

देवा, असा राग आला मला. त्यांच्यावर नाही, कुणावर ते मला सांगता येणार नाही. मी भिंतीवरची झेरॉक्स काढली, घडी करून ब्लाउजमध्ये खुपसली आणि म्हणाले, "चहा पिऊन घेऊ, चला." त्यांनी दुसऱ्यांदा चहा घेतला.

दोन दिवसांत नवा पॅटर्न होणं शक्य नव्हतं. मालकांना सांगितलं. ते डोक्याला हात लावून बसले, पण ओरडले नाहीत. पाहुणा आला, त्यानं सहाच्या सहा ब्लॉक स्वतः मोजले आणि एकेकावर लाल खडूनं फुली मारली. कामाची आशा पुरती गेली नव्हती. पाहुण्यानं एक छापील फॉर्म पुढं ठेवला. चूक काय, तिचं मूळ कारण काय, आणि ते कारण तुम्ही कसं दूर केलंत, हे लिहून द्या. ते पटलं तर दुसरी संधी.

मालकांनी आबांना ऑफिसात बोलावून घेतलं. मी, मालक, आबा. पाहुणा हॉटेलवर गेला होता. मालक हळू आवाजात म्हणाले, "काका, वाढ नकाशात धरलीती. तुम्ही परत धरली. ताईंनी सांगितलंतं नव्हं तुम्हाला?"

आबा ताठ उभे राहिले. "मला कुणीबी काय सांगितलेलं न्हाय."

"ताई?"

माझी पर्स मांडीवर होती. कागद आतल्या कप्प्यात होता. काढून टेबलावर ठेवला असता तर दोन मिनिटांत सगळं संपलं असतं. जाड पेन्सिलीची सही, तारीख, सगळं. मी आबांकडं बघितलं. ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारा माणूस असा उभा राहत नाही. त्यांना खरंच कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या डोक्यात ती संध्याकाळ नव्हतीच. आणि मी तो कागद काढला असता तर त्यांना पहिल्यांदा कळलं असतं, त्या ऑफिसात, मालकांच्या समोर, की आपल्या आतलं काहीतरी गेलंय.

"बोल की!" आबा माझ्यावर ओरडले. "सांगितलंस काय मला?"

"न्हाय," मी म्हणाले. "सांगायचं राहिलं."

मालकांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. नकाशातली ती ओळ त्यांनी स्वतः पाहुण्याला विचारून पक्की केली होती. मी आबांना सांगायला दुकानात गेले होते, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी फॉर्म माझ्याकडं सरकवला आणि ते उठून खिडकीशी गेले. मूळ कारणाच्या चौकटीत मी लिहिलं, की नकाशातली सूचना पॅटर्नमेकरपर्यंत पोचवली नाही, चूक मापं तपासणाऱ्या कर्मचाऱ्याची. खालची चौकट होती, कारण कसं दूर केलं. तिथं काय लिहायचं? कारणालाच दूर करायचं असतं. मी लिहिलं, संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून कमी केले. आणि सही केली.

खोटं लिहिलं असं मला आजही वाटत नाही. वर्षभर दिसत असून ते काम मीच घरी आणलं होतं.

पॅटर्न मशिनवर झाला, नमुने पास झाले, परवाना मिळाला. शिरोलीत आता त्या शिक्क्याचे ब्लॉक ओततात आणि भट्टी रोज पेटते. आबांना एवढंच कळलं, की काम त्यांच्या हातून गेलं आणि ते पोरीमुळं गेलं. एरवी पाच मिनिटांपूर्वीचा चहा विसरणारा माणूस, पण ही एक गोष्ट ते विसरले नाहीत. चहाच्या गाड्यावर, केस कापणाऱ्याकडं, पायरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला, "माझ्या पोरीनं घात केला. एक ओळ सांगायचीती, तेवढीबी सांगितली न्हाय." आणि असल्या बाईला मापांच्या खोलीत कोण घेणार? इथनं हातकणंगल्यापर्यंत सगळ्या फौंड्रीवाल्यांची एकमेकांत उठबस. दोन ठिकाणी गेले, दोन्ही ठिकाणी नुसता चहा मिळाला. आता मी घरी बसून साड्यांना फॉल लावते.

आई सुरुवातीला भडकली होती. "त्यो कागद त्यांच्या तोंडावर मार की! कशापायी शिव्या खायलायस?" मी कागद तिच्या हातात दिला. म्हटलं, तू मार. तिनं तो दोन दिवस पदराला बांधून ठेवला आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं परत दिला.

दुकान आम्ही सोडलं. हत्यारं घरी आणली. एक दिवस आबांनी नकाशा मागितला. तोच, इटलीचा. मागच्या खोलीत फळी मांडून कामाला बसले. वीस-बावीस दिवस खपत होते. झाल्यावर मला हाक मारली, शेजारी बसवलं आणि आपली पट्टी माझ्या हातात दिली.

"मोज."

मी मोजलं. त्यांच्या पट्टीनं प्रत्येक माप नकाशाबरहुकूम होतं. केसाचा फरक नाही. डोळे अधू झालेल्या माणसानं त्या पाकळ्या कशा काढल्या, देव जाणे.

"बरोबर हाय, आबा."

"मग?" त्यांनी पॅटर्न पुसला, धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधला आणि पिशवीत घातला. "जा. मालकाला नेऊन दे. म्हणावं, पोरीकडनं चूक झाली, पर बापानं निस्तरलीया. आन् तुला कामावर परत घ्या म्हणावं."

मला वाटत होतं ते इतके दिवस माझ्यावर रागावून लाकूड कोरत होते.

मी पिशवी घेतली, गल्लीच्या टोकाला बसस्टॉपवर तासभर बसले आणि परत आले. पिशवी आईनं माझ्या हातून घेतली आणि पलंगाखाली सरकवली. आबा दारातच उभे होते.

"घेतलं काय तुला परत?"

"घेतलं, आबा. सोमवारपासनं."

ते हसले. त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. आईला म्हणाले, "तिचा डबा काढून ठेव, सोमवार लांब न्हाय."

सोमवार यायच्या आत ते विसरले. मला घरात फॉल लावताना बघून म्हणाले, "माझ्या पोरीनं घात केला." दुपारी नकाशा मागितला आणि नवी फळी घेऊन बसले. पलंगाखाली आता तीन पॅटर्न आहेत. मागच्या खोलीतून रंध्याचा आवाज येतोय. चौथा पुढच्या आठवड्यात होईल, आणि मला पुन्हा पिशवी घेऊन बसस्टॉपवर जावं लागेल.